घरून काम करताय, पण बढती कुणाला मिळते?

उमरोळी : आमच्या गावात आता तीन तऱ्हेचे नोकरदार दिसतात. पहाटे लोकल पकडून मुंबईला जाणारे, तारापूर एमआयडीसीत शिफ्टला जाणारे आणि माडीवर लॅपटॉप उघडून बसणारे. हे तिसरे वाढले कोरोनात. मार्च 2020 मध्ये लोकल बंद झाल्या आणि दोन डोस घेतलेल्या सर्वसामान्य प्रवाशांना त्या खुल्या झाल्या 15 ऑगस्ट 2021 ला. एवढ्या काळात कंपन्यांनाही कळलं की बरीच कामं उमरोळीत बसूनही होतात.

एप्रिल 2013 मध्ये लोकल डहाणूपर्यंत आली, पण गाड्या मोजक्याच. एक चुकली की पुढचीची वाट बघत बसायचं. त्यामुळे घरून काम मिळालं तर जाण्यायेण्याचे तीन-चार तास वाचतात, पासचे पैसे वाचतात, सकाळी शेतावर एक चक्करही होते. पण दोन-तीन वर्षांनी पोरं विचारतात, काम तर मी जास्त करतो, मग मोठा हुद्दा दुसऱ्यालाच का?

हे फक्त आपल्याकडचं नाही. चीनमधल्या सीट्रिप या प्रवास कंपनीत निकोलस ब्लूम या अर्थतज्ज्ञाने सहकाऱ्यांसोबत याचा अभ्यास केला, तो 2015 मध्ये छापून आला. कॉल सेंटरची माणसं नऊ महिने घरून काम करत होती. काम 13 टक्क्यांनी वाढलं. पण तेवढंच काम करणाऱ्या ऑफिसातल्या माणसाच्या तुलनेत घरच्या माणसाला बढती कमी मिळाली. साहेबासमोर जो असतो तोच साहेबाला आठवतो, दुसरं काय!

त्याच कंपनीचा पुढचा अभ्यास 2024 मध्ये आला. आठवड्यातले दोन दिवस घरून आणि बाकीचे ऑफिसात, अशी पद्धत होती. त्यात बढतीवर काही परिणाम दिसला नाही आणि नोकरी सोडणारे एक तृतीयांशाने कमी झाले. म्हणजे अडचण घरून काम करण्यात नाही, अजिबातच न दिसण्यात आहे.

आपल्याकडेही वारं फिरलंय. टीसीएसने ऑक्टोबर 2023 पासून आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसला बोलावलं आणि 2024 मध्ये पगाराचा बदलता भाग हजेरीशी जोडला. विरार-डहाणू चौपदरीकरण अजून पुरं व्हायचंय, त्यामुळे उमरोळीच्या माणसाला ही हजेरी महागच पडते.

माझाच अनुभव सांगतो. मीही घरूनच बातम्या पाठवणारा. एका पेपरला बरीच वर्षं बातम्या दिल्या. तालुका प्रतिनिधीची जागा निघाली ती मला जागा भरल्यावर समजली. जो रोज ऑफिसात चहा प्यायचा त्याला मिळाली. तो माझ्याहून वाईट लिहायचा असंही नाही, पण मी विचारलंच नव्हतं.

म्हणून सांगतो, विचारा. वर्षाचं मूल्यमापन जवळ यायच्या आधीच साहेबाला मेल करा, की पुढच्या हुद्द्यासाठी माझ्याकडून काय पाहिजे. दर शुक्रवारी आठवड्यात काय झालं, काय अडलं ते चार ओळींत पाठवा. महिन्यात दोन दिवस स्वतःहून ऑफिसला जा, तेही सगळी टीम असेल त्या दिवशी. नवीन नोकरी घेत असाल तर घरून किती दिवस, ते पत्रात लिहून घ्या. तोंडी शब्द साहेब बदलला की संपतो.

घरातल्यांनाही थोडं सांगायला हवं. मुलगा मीटिंगला बसला की दार लोटून घेतो, तेव्हा त्याचं काम चाललंय हे समजतं. सून बसली की मात्र मधेच हाक जाते, कुकर बघ, पाहुणे आलेत, आवणीच्या माणसांना चहा दे. मग तिचं लक्ष कुठे राहणार, आणि कॉलवर तिचा आवाज साहेबापर्यंत कसा पोचणार? आमच्याही घरी हेच चालायचं. आता दाराला आतून कडी बसवलीय.

तुमच्या कंपनीत हजेरीचा नियम बदलला असेल तर आम्हाला जरूर कळवा.