'अ‍ॅग्नॉस्टिक' : कशाबद्दल?



आपल्या मराठी मंडळींच्या गप्पांत देवाधर्माचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येते : "मी बाबा अ‍ॅग्नॉस्टिक आहे." या वाक्याचा प्रत्यक्षातला अर्थ असा, की आस्तिकांनी रागवू नये, नास्तिकांनी वाद घालू नये आणि मुलीच्या लग्नाच्या वेळी मी पत्रिका काढली तर कोणी काही विचारू नये. तळ्यात-मळ्यात खेळण्याला मिळालेले हे सोयीचे इंग्रजी नाव! माझ्या मते हा त्या शब्दावर अन्याय आहे.

हा शब्द टॉमस हेन्री हक्सली या जीवशास्त्रज्ञाने १८६९ साली घडवला. ख्रिस्ती धर्माच्या इतिहासातल्या 'ग्नॉस्टिक' लोकांचा आपल्याला गूढ ज्ञान झाल्याचा दावा होता. हक्सलीने त्याच्या नेमका उलट शब्द स्वतःसाठी निवडला. पुढे १८८९ च्या निबंधात त्याने स्पष्ट केले, की हा पंथ नाही, ही पद्धत आहे. बुद्धी नेईल तिथपर्यंत जायचे, आणि ज्याला पुरावा नाही ते निश्चित आहे असे सांगायचे नाही. म्हणजे मुळात ही शिस्त होती, सवलत नव्हे.

मराठीत आपण 'अज्ञेयवादी' म्हणतो आणि इथे थोडा घोटाळा होतो. 'अज्ञेय' म्हणजे जे कधीच कळणार नाही ते. हा अर्थ हर्बर्ट स्पेन्सरच्या विचाराला जवळचा आहे. हक्सलीचा मुद्दा अधिक साधा होता : माहीत नसेल तर माहीत आहे म्हणू नका. पण 'कधीच कळणार नाही' असे एकदा ठरवले की 'मग चालू द्या जे चालले आहे ते' म्हणायला आपण मोकळे!

विश्वाच्या मुळाशी कोणी आहे का, या प्रश्नाला 'मला माहीत नाही' हे प्रामाणिक उत्तर आहे. पण मंगळ असलेल्या मुलीमुळे नवऱ्याच्या जिवाला धोका होतो का, हा तसा प्रश्न नाही. तो तपासता येतो. फलज्योतिष तपासलेही गेले आहे. जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रात केलेली चाचणी २००९ साली 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाली. १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका गोळा केल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या ४० देऊन कोणती पत्रिका कोणत्या गटातली ते विचारले. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. बरोबर उत्तरांची सरासरी ४६ टक्के! नाणे उडवून ५० टक्क्यांच्या आसपास उत्तरे बरोबर आली असती. हे वाचूनही पत्रिकेबाबत 'अ‍ॅग्नॉस्टिक' राहणे म्हणजे पुरावा समोर असताना डोळे मिटून घेणे होय.

कोणी म्हणेल, "अहो, घरच्यांचे मन राखायला करतो, त्यात कोणाचे काय बिघडले?" ज्या मुलीला केवळ मंगळामुळे नकार मिळतो तिला विचारा. शिवाय हा नकार देणाऱ्या घरात भिंतीवर डॉक्टरेट लावलेली असली, की त्या समजुतीला आपल्या पदवीचा आधार मिळतो. मन राखायचे असेल तर जरूर राखा, पण त्याला 'मन राखणे' म्हणा. हक्सलीचा शब्द त्यासाठी वापरू नका.

हा शब्द ज्यांनी खरोखर अंगीकारला, त्यांनी तो मिरवायला घेतला नव्हता. अमेरिकेत रॉबर्ट इंगरसॉल एकोणिसाव्या शतकात भरल्या सभांमधून धर्मसंस्थेला जाब विचारत असे. त्याला लोक 'द ग्रेट अ‍ॅग्नॉस्टिक' म्हणत. आपल्याकडे स्पेन्सर आणि मिल वाचलेल्या आगरकरांना आपण अज्ञेयवादी म्हणतो. देवाबद्दल ठाम दावा नसला तरी बालविवाह आणि केशवपन याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. त्यापायी पुण्यात जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढली गेली. दाभोलकरांनीही देव आहे की नाही यावर वाद घालण्याऐवजी देवाच्या नावाने चालणाऱ्या फसवणुकीवर बोट ठेवले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला.

तेव्हा यापुढे कोणी "मी अ‍ॅग्नॉस्टिक" म्हणाले, की नम्रपणे विचारा : "कशाबद्दल?" ईश्वराबद्दल असेल तर गप्पा रंगतील. पत्रिका, मुहूर्त आणि बाबा-बुवांबद्दल असेल, तर त्यांना ४६ टक्क्यांचा आकडा सांगा.