पत, तारण आणि हमी

‘ऐपत’ आणि ‘पत’ हे शब्द उच्चाराने जवळचे असले, तरी व्यवहारात त्यांच्यात मोठे अंतर आहे. ऐपत माणसाच्या मालमत्तेवरून ठरते. पत त्याच्या शब्दावर लोकांचा किती विश्वास आहे, यावरून ठरते. बँकांनी मात्र दीर्घकाळ ऐपतीलाच पत मानले. घर किंवा जमीन गहाण ठेवू शकणाऱ्याला कर्ज मिळाले; हाती कसब असूनही तारण नसलेल्या कारागिराला सावकाराचे दार ठोठवावे लागले.

हे अंतर कमी व्हावे, म्हणून भारत सरकार आणि भारतीय लघुउद्योग विकास बँक यांनी २००० साली पतहमी न्यास स्थापन केला. त्याचे सूत्र साधे आहे. बँक घरादाराचे तारण न घेता लहान उद्योगाला कर्ज देते. न्यास शुल्क घेऊन त्या कर्जाच्या ठरावीक भागाची हमी देतो. कर्ज बुडाले, तर बँकेला त्या प्रमाणात भरपाई मिळते. एप्रिल २०२५ मध्ये या हमीसाठीची कर्जमर्यादा ५ कोटींवरून १० कोटी रुपये झाली. मधल्या काळात, २०१५ साली, मुद्रा योजना आली. तिच्यातील ‘शिशु’ गटात ५० हजार रुपयांपर्यंतचे कर्ज मिळते. २०२० साली पथविक्रेत्यांसाठी १० हजार रुपयांच्या कर्जापासून सुरू होणारी स्वनिधी योजना आली.

अशा योजनांविषयी दोन गैरसमज आढळतात. पहिला कर्जदाराचा. सरकारने हमी घेतली, म्हणजे कर्ज फेडले नाही तरी चालेल, असे काहींना वाटते. वस्तुतः ही हमी बँकेला असते, कर्जदाराला नव्हे. भरपाई मिळाल्यावरही बँकेला वसुली थांबवता येत नाही आणि वसूल झालेल्या रकमेत न्यासाचा वाटा असतो. शिवाय एकाने बुडवलेल्या कर्जाचा भार सार्वजनिक पैशावर पडतो आणि पुढच्या प्रामाणिक अर्जदाराकडेही संशयाने पाहिले जाते.

दुसरा गैरसमज बँकेचा. सूक्ष्म व लघु उद्योगांच्या १० लाख रुपयांपर्यंतच्या कर्जासाठी तारण घेऊ नये, असा आदेश रिझर्व्ह बँकेने २०१० साली दिला. तरीही तारण मागितले जाते, अशी लहान उद्योजकांची तक्रार असते. याउलट, हमी आहे म्हणून धंद्याची चौकशी न करताच कर्ज मंजूर करणे, हेही तितकेच घातक होय. भाड्याच्या खोलीत दोन शिलाईयंत्रे चालवणाऱ्या स्त्रीला तिसरे यंत्र हवे असेल, तर तिच्याकडे काय गहाण आहे, हे विचारण्याऐवजी तिच्याकडे मागणी किती येते, उधारी किती दिवसांत वसूल होते आणि हप्ता भरून घरखर्च भागेल का, हे विचारले पाहिजे. ही विचारपूस अर्ज नाकारण्यासाठी नसावी. तिला झेपेल एवढेच कर्ज मिळावे, यासाठी असावी.

उद्योग म्हटला की जोखीम आलीच. प्रामाणिक प्रयत्नांनंतरही एखादा धंदा बुडतो आणि तेवढ्यापुरते समाजाने त्या जोखमीत वाटेकरी होणे न्याय्य आहे. मात्र त्यासाठी कर्जदाराने जमाखर्चाची वही नियमित लिहावी आणि हमी म्हणजे काय, तिचे शुल्क किती, हे बँकेने त्याला त्याच्या भाषेत समजावून सांगावे. सरकारच्या हमीने पहिले कर्ज मिळू शकेल. दुसऱ्या कर्जाच्या वेळी मात्र वेळेवर भरलेल्या हप्त्यांची नोंदच कर्जदाराच्या बाजूने बोलेल.