वंशावळीचा भार कोणाच्या शिरावर?

आपल्या आडनावाचा मूळपुरुष कोण, घराणे कोठून आले, हे शोधण्याची हौस अलीकडे सुशिक्षित मध्यमवर्गात वाढली आहे. संगणकावर जुनी दप्तरे चाळावीत, लाळेचा नमुना एखाद्या कंपनीकडे पाठवावा आणि घरबसल्या वंशवृक्ष मिळवावा, असा हा छंद आहे. त्यात वावगे काही नाही. परंतु भंडारा जिल्ह्यातील शेतमजूर, कोष्टी वा ढिवर कुटुंब वंशावळ शोधते ते हौसेने नव्हे. मुलीला राखीव जागेवर मिळालेला प्रवेश टिकवायचा असतो, मुलाची नोकरी कायम व्हायची असते, राखीव जागेवर निवडून आलेल्या बाईला सरपंचपद राखायचे असते. आणि त्यासाठी जात पडताळणी समितीपुढे आजा-पणज्याचा कागद ठेवावा लागतो.

राज्यात २००१ पासून अमलात असलेल्या जात प्रमाणपत्र कायद्याच्या आठव्या कलमाने हा सिद्धतेचा भार अर्जदारावर टाकला आहे. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त व भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा पुरावा मागितला जातो. पडताळणी नको असे कोणी म्हणणार नाही. खोट्या दाखल्यांवर खऱ्या आदिवासींच्या जागा बळकावल्या गेल्या आहेत, आणि तो अन्याय रोखलाच पाहिजे. प्रश्न आहे तो पुरावा कोणी शोधावयाचा, हा.

भंडारा १९५६ पर्यंत मध्यप्रदेशात होते. त्यामुळे येथील जुने दप्तर वेगळे आहे: मिसल बंदोबस्त, अधिकार अभिलेख, कोतवाल बुक. त्यात पुष्कळदा आडनाव सापडतच नाही. ‘अमका वल्द तमका’, पुढे जात आणि गाव, एवढीच नोंद. शिवाय जमिनीच्या दप्तरात मालगुजार येतो, कूळ येते. त्यांच्या शेतावर राबणारा मजूर येत नाही. ज्याला जमीन नव्हती, त्याला दप्तरात आजाही नाही. भाटांच्या पोथ्या आणि हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्या ज्यांना परवडल्या त्यांच्या पिढ्या लिहिल्या गेल्या. भूमिहीनाचा आधार उरतो तो कोतवालाने ठाण्यात कळविलेल्या जन्ममृत्यूच्या नोंदीचा, किंवा शाळेच्या दाखलखारीज रजिस्टराचा. आणि ज्याचा आजा शाळेत गेलाच नाही, त्याला तोही नाही. वैनगंगेच्या खोऱ्यात बालाघाटकडून आलेल्या कुटुंबांची दप्तरे तर आता परराज्यात आहेत.

जुन्या अभिलेखांची छायाचित्रे संगणकावर येत आहेत, हे स्वागतार्ह आहे. परंतु पान दिसले म्हणून नाव सापडत नाही. जमिनीच्या दप्तराचा शोध गाव आणि भूमापन क्रमांकावरून घ्यावा लागतो. ज्याच्या वाडवडिलांना भूमापन क्रमांकच नव्हता त्याने काय शोधावे? जुने वळण आणि मोडी वाचणारी माणसेही विरळ झाली आहेत. मग तालुक्याच्या गावी मध्यस्थाचे खिसे भरतात.

या पोकळीत आता डीएनए चाचणीचा व्यापार शिरू पाहील, म्हणून त्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जाते, मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए आईकडून येतो. दहा पिढ्या मागे प्रत्येकाला १,०२४ पूर्वजांची स्थाने असतात. हे दोन धागे त्यांतील एकेका स्थानापर्यंतच पोचतात. दोन माणसे चुलत भाऊ आहेत काय, याचा अंदाज चाचणी देऊ शकेल. पण १९५० पूर्वी त्यांच्या आज्याच्या नावापुढे कोणती जात लिहिली गेली, हे ती सांगू शकत नाही. मेश्राम हे आडनाव गोंडांत आहे आणि बौद्धांतही आहे. हैदराबादच्या सीसीएमबी व हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये दाखविले की सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात या देशातील समूह सर्रास मिसळत होते; जातीबाहेरील विवाहाची बंदी त्यानंतर घट्ट झाली. जातिभेद हा वंशभेद नव्हे, असे डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्ये लाहोरच्या न झालेल्या भाषणातच मांडले होते. जात रक्तात नसते. ती समाजाने लादलेली आणि सरकारने नोंदलेली असते. खेरीज लाळेबरोबर सगळ्या कुटुंबाचे गुपित कंपनीच्या हाती जाते. अमेरिकेतील ट्वेंटीथ्री अँड मी ही कंपनी मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेली, तेव्हा ग्राहकांची जनुकीय माहिती विकाऊ मालमत्ता ठरली.

नोंदीतील एका शब्दाचे वजन किती, हे विदर्भातील विणकरांना विचारावे. ‘हलबा’ की ‘हलबा-कोष्टी’, या वादात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २८ नोव्हेंबर २००० रोजी निर्णय दिला की अनुसूचीतील शब्द आहे तसाच वाचावयाचा; हलबा-कोष्टी त्यात येत नाहीत. मार्च २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितले की चालीरीतींच्या साधर्म्याची कसोटी निर्णायक नाही. म्हणजे जुन्या कागदाचे मोल आणखी वाढले, आणि तो कागद आहे सरकारच्याच कपाटात.

सरकारने मनावर घेतले तर काय होते हेही दिसले आहे. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमून कुणबी नोंदींसाठी दप्तरे धुंडाळण्यात आली आणि लक्षावधी नोंदी हाती आल्या. एका बलाढ्य समाजाच्या आंदोलनापुढे जे यंत्र हलले, ते लाखांदूरच्या ढिवरासाठी आणि मोहाडीच्या भूमिहीनासाठी का हलू नये?

मागणी सरळ आहे. कोतवाल बुके, शाळेची रजिस्टरे आणि जुने अभिलेख यांची व्यक्तीच्या व गावाच्या नावावरून सूची शासनाने स्वखर्चाने करावी. सत्यप्रती तहसील कचेरीत विनामूल्य मिळाव्यात. बालाघाटच्या दप्तरासाठी दोन्ही राज्यांनी करार करावा. जेथे कागदच नाही, तेथे गावच्या चौकशीला व आप्तांच्या वैधता प्रमाणपत्रांना वजन द्यावे. आणि जातीच्या कोणत्याही चौकशीत डीएनए मागितला जाणार नाही, असा लेखी नियम व्हावा.

कार्यकर्त्यांनी प्रवेशाच्या धावपळीची वाट पाहू नये. तुमसरपासून पवनीपर्यंत गावोगाव अर्ज लिहून द्यावेत, जुने अक्षर वाचणारा माणूस बरोबर न्यावा, नाकारलेल्या अर्जांची यादी करून ती जिल्हाधिकाऱ्यांपुढे ठेवावी. ज्या राज्यव्यवस्थेने माणसांच्या नावापुढे जात लिहिली, तिनेच ती शोधून काढावी. गरिबाच्या मुलीने पणज्याच्या शोधात शिक्षणाचे वर्ष गमवावे, हा न्याय नव्हे.