देशोदेशींचीं गांवें : मोन्तोने

इटलीचें नांव निघालें कीं रोम, व्हेनिस, फ्लोरेन्स ह्या बड्या शहरांपलीकडे आपलें लक्ष सहसा जात नाहीं. आज आम्ही वाचकांस ज्या गांवीं नेणार आहों, त्याची वस्ती दोन हजारांच्याही आंत आहे. गांवाचें नांव मोन्तोने. इटालियन भाषेंत ह्या शब्दाचा अर्थ मेंढा असा होतो.

मध्य इटलींतील उंब्रिया प्रांतांत, पेरूजा शहराच्या उत्तरेस, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत एका टेकडीच्या माथ्यावर हें गांव बसलें आहे. हीच टायबर पुढें रोमास जाते. गांवास जुना तट आहे, आंत दगडी फरसबंदीच्या अरुंद, चढउताराच्या गल्ल्या आहेत, आणि गांवाचे तीन पेठांसारखे भाग वेशींच्या नांवांनींच ओळखले जातात.

गांवाचा मोठा पुरुष म्हणजे ब्राच्चो फोर्तेब्राच्चो. ह्या आडनांवाचा अर्थच ‘बलबाहु’. त्याचा जन्म १३६८ सालचा. त्या काळीं इटलींतील संस्थानें आपसांत सदैव लढत, व लढण्याचें काम पगारी सेनानायकांकडे सोंपवीत. आपल्याकडील शिलेदारांची आठवण व्हावी असाच हा धंदा. मात्र येथें शिलेदार धन्याहून प्रबळ होऊन बसत. ब्राच्चोचेंही तसेंच झालें. १४१६ सालीं तो पेरूजाचा स्वामी झाला, आणि पुढील वर्षीं खुद्द रोमवरही त्यानें कांहीं काळ अंमल बसविला. तो केवळ लुटारू नव्हता. त्रासिमेनो सरोवराचें चढलेलें पाणी काढून देण्यासाठीं त्यानें जमिनीखालून पाट खोदविला. शेवटीं १४२४ च्या जून महिन्यांत लाक्विला शहराच्या वेढ्यांत तो जखमी होऊन पडला व थोड्याच दिवसांत वारला.

त्याचा मुलगा कार्लो व्हेनिसच्या चाकरींत होता. ख्रिस्ताच्या कंटकमुकुटांतील एक कांटा त्यास तेथें मिळाला, व १४७३ सालीं तो त्यानें आपल्या गांवास अर्पण केला अशी हकीकत आहे. कांट्याच्या खरेखोटेपणाचा वाद आम्ही घालीत नाहीं. पवित्र अवशेषांसंबंधानें असा वाद घालण्याचा अधिकार आपल्यालाही फारसा नाहीं! ईस्टरच्या दुसऱ्या दिवशीं त्याचें दर्शन होतें. ऑगस्टांत ह्या अर्पणाचा उत्सव भरतो, तेव्हां तिन्ही पेठा जुना पोषाख करून तिरंदाजी वगैरे सामन्यांत एकमेकींशीं चढाओढ करितात.

सान फ्रांचेस्कोचें जुनें देऊळ आतां संग्रहालय झालें आहे. बार्तोलोमेओ काप्पोराली ह्या चित्रकारानें १४८२ सालीं रंगविलेलें मेरीचें मिरवणुकीचें निशाण हें तेथील भूषण. ह्याच मठासाठीं त्यानें व त्याच्या भावानें १४६९ सालीं सजविलेली प्रार्थनेची पोथी मात्र सध्यां अमेरिकेंत क्लीव्हलंडच्या संग्रहालयांत आहे.

परंतु हें गांव आम्ही निवडलें त्याचें कारण निराळेंच आहे. १९४३ च्या सप्टेंबरांत इटलीनें शरणागति पत्करली, तरी जर्मन फौजा देश सोडीनात. पुढील उन्हाळ्यांत त्यांना टायबरच्या खोऱ्यांतून मागें रेटण्याचें काम हिंदी पलटणींकडे आलें. १० जुलै १९४४ रोजीं ह्या भागांतील उंचवट्यांवर मराठा पलटणीची एक कंपनी चालून गेली. तींतील एका तुकडीचा नायक यशवंत घाडगे हा कुलाबा, म्हणजे आतांच्या रायगड, जिल्ह्यांतील २२ वर्षांचा तरुण होता. अगदीं जवळून मशीनगनचा मारा होऊन त्याच्याखेरीज सारी तुकडी पडली. तो एकटाच धांवला. हातबाँबनें त्यानें तोफ व तोफवाला निकामी केला, एकास टॉमीगननें टिपलें. पुन्हां काडतुसें भरण्यास अवकाश नव्हता, तेव्हां बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांस त्यानें दस्त्यानें ठार केलें. नंतर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातींत व पाठींत लागून, जिंकलेल्या मोर्चांतच त्यानें प्राण सोडला. त्यास मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलींतील युद्धांत दिल्या गेलेल्या अशा वीस पदकांपैकीं सहा हिंदी शिपायांनीं मिळविलीं आहेत.

परक्या सरकारच्या पगारावर लढणाऱ्या ह्या शिपायांना भाडोत्री म्हणून मोकळें होणारे लोक आपल्यांत आहेत. आम्हांस तें पटत नाहीं. ब्राच्चोनें तलवारीच्या जोरावर शहर मिळविलें. घाडग्यास कबरसुद्धां मिळाली नाहीं. त्याची ज्ञात समाधि नसल्यामुळें कासिनोच्या स्मारकावर केवळ नांव कोरलेलें आहे. त्याचा देश तेव्हां परतंत्र होता, आणि ज्यांच्या डोंगरावर तो पडला त्यांचें त्यानें पूर्वीं नांवही ऐकलें नसेल.

त्या लोकांनीं मात्र त्याचें नांव लक्षांत ठेविलें. २०२३ च्या जुलैंत मोन्तोनेच्या नगरसभेनें व इटालियन इतिहासकारांनीं गांवांत त्याचें स्मारक उभारलें. तें पुतळ्याच्या नव्हे, तर छायायंत्राच्या रूपाचें आहे. आपण सारे एकाच सूर्याखालीं राहतों, अशा अर्थाचें लॅटिन वचन त्याचें बोधवाक्य आहे. इकडे माणगांवास घाडग्याचा पुतळा आहे. मुंबई-गोवा रस्त्यानें कोंकणांत उतरणारी आपली मंडळी त्या गांवावरूनच जातात. पुढच्या खेपेस मुलांना घेऊन तेथें घटकाभर थांबावें. मोन्तोनेच्या छायायंत्रावर मध्यान्ह होते, तेव्हां माणगांवीं मध्यान्ह होऊन सुमारें चार तास लोटलेले असतात.