‘तीन वर्षांनी बीबीए हातात’ असं तुम्ही म्हणाला होतात

माननीय संचालक महोदय यांस,



तुम्ही मला ओळखाल की नाही, ठाऊक नाही. बीबीए एलएलबीच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला माझी मुलगी तुमच्या कॉलेजात आहे. यंदा तिचं तिसरं वर्ष संपलं. तुम्हाला मी लेखी विचारलं, उत्तर आलं नाही. ऑफिसात गेलो, तर ‘सर मीटिंग में हैं’ एवढंच ऐकून परतलो. आणि आता आमच्या साकेत नगरात, एम्सकडे जाणाऱ्या रस्त्यावर, तुमचं नवं होर्डिंग झळकलंय: ‘एक कोर्स, दोन डिग्री’. ते वाचलं आणि ठरवलं, यापुढे जे बोलायचं ते चारचौघांत.

पत्र मराठीत लिहितोय, कारण प्रवेशाच्या वेळी तुम्ही आमच्याशी मराठीत बोलला होतात. १ नोव्हेंबर १९५६ ला नवा मध्य प्रदेश झाला, राजधानी नागपूरहून भोपाळला आली आणि सचिवालयाच्या फायलींबरोबर नागपूरचे कितीतरी कारकून इथे आले. माझे वडील त्यांतलेच. अशा घरातल्या माणसाला परक्या शहरात कुणी ‘या काका, बसा’ म्हटलं की त्याचा अर्धा संशय तिथेच गळून पडतो. तुम्ही चहा मागवलात. माझ्या बायकोला म्हणालात, ‘वहिनी, निर्धास्त राहा, आपल्याच घरचं कॉलेज आहे.’ दुसऱ्या कुणी फसवलं असतं तर राग आला असता. तुमचं वागणं जिव्हारी लागलं.

आठवत नसेल तर सांगतो. तुम्ही माहितीपुस्तिका उलटी केलीत आणि मागच्या कोऱ्या पानावर पेनानं एक आडवी रेघ ओढलीत. रेघेवर पाच खुणा. तिसऱ्या खुणेवर गोल करून लिहिलंत ‘बीबीए’, पाचव्यावर ‘एलएलबी’. म्हणालात, ‘तीन वर्षांनी बीबीए हातात. पुढे वकिली आवडली तर दोन वर्षं इथेच, नाही तर सरळ एमबीए.’ वर नवीन शैक्षणिक धोरणाचा दाखला दिलात. २०२० च्या त्या धोरणात एक वर्षाला प्रमाणपत्र, दोन वर्षांना पदविका, तीन वर्षांना पदवी अशी वाट खरोखरच आखलेली आहे, त्यामुळे तुमचं म्हणणं पटलं. मी जन्मभर लेखा विभागात काम केलं, कागद फेकायची सवय नाही. ते पान माझ्या फायलीत आहे.

मुलगी हुशार आहे. आकड्यांत रमते. दुसऱ्या वर्षापासून तिला ताळेबंद वाचायची गोडी लागली आणि तिसऱ्यात तिनं मनाशी पक्कं केलं, की आपण कोर्टात उभं राहायचं नाही, वित्त व्यवस्थापन शिकायचं. दरम्यान मी निवृत्त झालो होतो. बँक साडेसात लाखांच्या वर तारण मागते म्हणून शैक्षणिक कर्ज त्याच्या आतच बसवलं होतं. तेव्हा तुम्ही दाखवलेली तिसऱ्या खुणेवरची वाट आम्हाला सोयीचीच वाटली.

ती अर्ज घेऊन खिडकीवर गेली. तिथल्या बाबूंनी अर्ज वाचलाही नाही. म्हणाले, ‘ऐसी कोई डिग्री होती ही नहीं, बेटा.’

मग मी नियम शोधून काढले. तुमच्या माहितीपुस्तिकेत ते नव्हते. बार कौन्सिल ऑफ इंडियाचे २००८ चे विधी शिक्षण नियम आहेत. त्यांतला तेरावा नियम सांगतो की एकात्मिक दुहेरी पदवीच्या अभ्यासक्रमात मधूनच प्रवेश मिळणार नाही आणि पदवीचे दोन तुकडे करून एक तुकडा घेऊन मधूनच बाहेरही पडता येणार नाही. म्हणजे तीन वर्षं शिकलेली, सगळे विषय सुटलेली मुलगी आज कॉलेज सोडेल, तर कायद्याच्या दृष्टीनं ती फक्त बारावी पास. एमबीएला पदवी लागते, ती तिच्याकडे नाही. बँकेचं कर्ज मात्र आहे.

हा नियम चूक की बरोबर, हा वाद वेगळा. पाच वर्षांचं सलग कायद्याचं शिक्षण १९८८ साली बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलपासून रुळलं, ते बारावीनंतरच मुलांनी वकिली मनापासून निवडावी म्हणून. त्यामागे विचार असेल. पण नियम लिहिणाऱ्यांनी तो चोरून लिहिलेला नाही, छापून ठेवला आहे. तुम्ही आमच्यासमोर ती रेघ ओढलीत तेव्हा तो जुना झाला होता. कायद्याचं कॉलेज चालवणाऱ्याला कायद्याच्या शिक्षणाचा नियम माहीत नव्हता, असं तुम्ही म्हणणार असाल तर तसं एकदा लिहून द्या.

पाच वर्षं पूर्ण करणाऱ्यांनाही तुम्ही सगळं सांगता का? ‘मॅनेजर भी, वकील भी’ हे तुमचं आवडतं वाक्य. प्रत्यक्षात वकिलाची सनद घेतलेल्या माणसाला कुठेही पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. बार कौन्सिलचा एकोणपन्नासावा नियम तसं बजावतो. कंपनीत रुजू व्हायचं तर वकिली थांबवावी लागते. २० मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं दिवाणी न्यायाधीशाच्या पहिल्या पायरीसाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची केली, तेव्हा कंपनीच्या कायदा विभागात काढलेली वर्षं तिथे कामी येणं कठीण. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्याच न्यायालयानं सांगितलं, की अशिलाशी झालेलं बोलणं गुप्त राखण्याचं जे संरक्षण वकिलाला आहे, ते कंपनीच्या पगारी कायदा सल्लागाराला वकील म्हणून मिळणार नाही. दोन्ही वाटा चांगल्या आहेत, पण निवड एकीचीच करावी लागते. अठरा वर्षांच्या पोराला हे आधी कळायला नको?

अभ्यासक्रमावर माझा राग नाही. उलट, व्यापार आणि कायदा एकत्र शिकायची गरज भोपाळइतकी दुसऱ्या कुठल्या शहराला असेल? युनियन कार्बाइड इंडियाचे ५०.९ टक्के भाग अमेरिकी कंपनीकडे होते. १९८४ च्या डिसेंबरात तिच्या इथल्या कारखान्यातून वायू सुटला, माणसं मेली आणि मग प्रश्न आला, की मालक कोण, जबाबदार कोण, खटला न्यूयॉर्कला चालायचा की इथे. १९८६ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या न्यायाधीशांनी तो भारतात पाठवला. १९८९ च्या फेब्रुवारीत ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. ती रक्कम वाढवून मागणारी केंद्र सरकारची याचिका २०२३ च्या मार्चमध्ये फेटाळली गेली. भागभांडवल, सुरक्षेवरचा खर्च, विमा, भरपाई, अधिकारक्षेत्र: तुमच्या दहाही सत्रांचे विषय या एका प्रकरणात आहेत. मुलीला मी विचारलं, कंपनी म्हणजे मालकापासून वेगळी कायदेशीर व्यक्ती, हे कसं शिकवलं? तिनं १८९७ चा इंग्लंडमधला सालोमन खटला घडाघडा सांगितला. कार्बाइड? ‘ते नोट्समध्ये नव्हतं, बाबा.’ ज्यांच्या आजोबांनी त्या रात्री डोळ्यांवर ओले रुमाल धरले, ती मुलं तुमच्या वर्गात बसतात, साहेब.

इंटर्नशिपचंही तेच. पाच वर्षांत निदान वीस आठवडे वकील, न्यायालय, कंपनी, संस्था यांच्याकडे काम शिकलं पाहिजे, असं २००८ चे तेच विधी शिक्षण नियम सांगतात. तुमच्या पुस्तिकेत कंपन्यांच्या बोधचिन्हांनी पान भरलं होतं. प्रत्यक्षात सांगितलं गेलं, ‘ओळखीच्या वकिलाकडून लेटर आणा.’ आमच्या ओळखीत वकील नाही. मुलगीच जिल्हा न्यायालयात जाऊन एकेका टेबलाशी उभी राहिली. शेवटी एका वयस्कर वकीलबाईंनी तिला जवळ केलं, नोटीस लिहायला शिकवली आणि दुपारी आपल्या डब्यातली पोळी दिली. त्या बाईंचे उपकार आम्ही विसरणार नाही. तुमच्या कॉलेजनं मात्र त्यांनी दिलेल्या पत्रावर शिक्का मारून ते आपल्या अहवालात ‘संस्थेनं मिळवून दिलेली इंटर्नशिप’ म्हणून दाखवलं.

आणि सगळ्यांत कडू घोट पुढेच आहे. मुलगी म्हणाली, बाबा, मी बीकॉमला नव्यानं प्रवेश घेते. त्यासाठी बारावीची मूळ मार्कशीट आणि टीसी हवी, ती तुमच्या कपाटात. तुमच्या ऑफिसानं सांगितलं, उरलेल्या दोन वर्षांची फी भरा, मग कागद न्या. विद्यार्थ्यांची मूळ प्रमाणपत्रं संस्थांनी अडकवून ठेवू नयेत, असं विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१८ च्या ऑक्टोबरातच कळवलेलं आहे. ते परिपत्रक मी अर्जाला जोडलं होतं. पोच मिळाली, कागद मिळाले नाहीत. ‘आपल्याच घरचं कॉलेज’ म्हणालात ना? घरात कुणी मुलीचे कागद असे दाबून धरतं का?

आता ती चौथ्या वर्षाला बसणार आहे. खुशीनं नाही. तीन वर्षं पाण्यात घालायची तिची तयारी होती, माझीच हिंमत झाली नाही. पाच वर्षं पुरी करील, चांगल्या गुणांनी करील, याची मला खात्री आहे. तिच्या यशाचा फोटो मात्र तुमच्या होर्डिंगवर लावायला आम्ही परवानगी देणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.

मला तुमच्याकडून भरपाई नको. तीन गोष्टी करा. होर्डिंगवर ‘दोन डिग्री’च्या खाली तितक्याच मोठ्या अक्षरांत लिहा: ‘पाच वर्षं पूर्ण केल्यावरच, मधे एकही नाही.’ प्रवेश अर्जावर तेरावा आणि एकोणपन्नासावा नियम हिंदीत आणि मराठीत छापून पालकांची सही घ्या. आणि ज्या मुलांचे मूळ कागद तुमच्याकडे पडून आहेत, ते या महिन्यात परत करा.

साकेत नगर, अरेरा कॉलनी, बीएचईएल आणि त्यापलीकडच्याही आईबापांना एवढंच सांगणं आहे. बारावीचे निकाल लागले की अशा केबिनींतून तुम्हालाही चहा येईल. चहा खुशाल घ्या. पण मधेच सोडावं लागलं तर हातात काय पडेल, मूळ कागद कोण ठेवणार, इंटर्नशिप कोण लावणार, हे तीन प्रश्न तिथेच विचारा आणि त्यांची उत्तरं कॉलेजच्या शिक्क्यानिशी लेखी घ्या. लेखी द्यायला टाळाटाळ झाली, तर समोरचा माणूस कितीही गोड मराठी बोलत असो, फी न भरता उठा.

कळावे,

एक पालक
साकेत नगर, भोपाळ