दिसत नाही ना? मग झालं तर!

आपल्या पिढीला वायर दिसलेली चालत नाही. टीव्ही भिंतीवर हवा, पण त्याची शेपटी लोंबकळता कामा नये. इअरफोनची वायर तर आपण केव्हाच हद्दपार केली. गाडीतही तेच. डॅशकॅम हवा, चार्जिंगचं जादा सॉकेट हवं, पायाशी निळा लाइट हवा. पण वायर? छे, ती दिसली की सगळा लुक गेला!

मीही याच पंथातली. म्हणून मागच्या वर्षी बाबांना साठीचं गिफ्ट म्हणून डॅशकॅम दिला. त्याला कारणही होतं. आम्ही केळापूर तालुक्यातले, घर पांढरकवड्याला. (तालुक्याचं नाव केळापूर आणि तालुक्याचं ठिकाण पांढरकवडा, हे बाहेरच्यांना समजावता समजावता माझं बालपण संपलं.) श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा ४४ नंबरचा हायवे, म्हणजे जुन्या लोकांचा 'सात नंबर', गावाजवळून जातो. तिथे एका ट्रकने बाबांच्या गाडीला मागून ठोकलं आणि वर ड्रायव्हर बाबांवरच ओरडला. पुरावा काय? काहीच नाही. म्हटलं, आता कॅमेराच बोलेल.

शहरातल्या एका ॲक्सेसरीजच्या दुकानात गाडी नेली. तिथल्या मुलाने पाऊण तासात काम फत्ते केलं. कॅमेरा आरशामागे, बाबांच्या हौसेखातर डॅशबोर्डखाली एक जादा सॉकेट, आणि वायर कुठ्ठेच नाही! एकदम सही. मी फोटो काढला, स्टेटस टाकलं. वायर नेमकी कुठून गेली, हे विचारलं नाही. दिसत नव्हती ना? मग झालं तर!

गेल्या नवरात्रात घरी गेले होते. संध्याकाळी आम्ही तिघं केळापूरच्या जगदंबेच्या दर्शनाला निघालो. निघण्याआधी बाबांनी त्या नव्या सॉकेटला पंप लावून चारही टायरमध्ये हवा भरली. दर्शन झालं आणि परत येताना वास आला. प्लास्टिक जळाल्याचा.

"बाबा, वास येतोय."

"येतो कधी कधी. काच खाली कर."

कधी कधी? मी वाकून पाहिलं तर डॅशबोर्डखालून धुराची बारीक रेघ निघत होती. गाडी कडेला घेतली, चावी बंद केली. धूर थांबेना! बाबा पाना घेऊन बॉनेटकडे धावले. मी मागचं दार उघडलं. आईचे गुडघे दुखतात, तिला गाडीतून उतरायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं मी जन्मात विसरणार नाही. बाबांनी बॅटरीची मायनसची वायर सोडवली, तेव्हा कुठे धूर थांबला. आई प्रसादाची पिशवी छातीशी धरून रस्त्याच्या कडेला उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी हायवेवर ट्रकची वायरिंग करणारे एक काका आले. त्यांनी डॅशबोर्डखालची पट्टी काढली आणि माझ्याकडे पाहिलं.

"ताई, हे कोनं केलं जी?"

"मीच करून घेतलं," मी पुटपुटले.

मग त्यांनी माझा क्लास घेतला. पट्टीमागे दोऱ्यासारखी बारीक वायर होती. चावीच्या आधीच्या, थेट बॅटरीवरून येणाऱ्या जाड वायरला ती नुसती पिळून वर टेप गुंडाळला होता. म्हणूनच चावी बंद करूनही करंट चालू! मध्ये फ्यूज नाही. त्याच एका वायरवर कॅमेरा आणि त्याच वायरवर सॉकेट. कॅमेरा पाचेक वॉट खातो, म्हणजे १२ व्होल्टला अर्धा अँपियरही नाही. पंपाच्या खोक्यावर लिहिलं होतं १२० वॉट. म्हणजे १० अँपियर! दर वेळी हवा भरताना वायर तापायची, तिचं कव्हर मऊ पडायचं आणि ते एका लोखंडी पट्टीच्या धारेवर घासलं जायचं. त्या रात्री आतली तार लोखंडाला टेकली.

"फ्यूज कॅमेऱ्यासाठी नसते ताई, वायरसाठी असते," काका म्हणाले. हा फंडा मला पहिल्यांदाच क्लिअर झाला. स्टार्टर मारताना बॅटरी शंभराच्या वर अँपियर सहज देते. शॉर्ट झाल्यावर तेवढाच करंट बारीक वायरमध्ये घुसला, तर ती वायर राहत नाही, शेगडी होते. मध्ये छोटा फ्यूज असेल तर तो आधी उडतो आणि बिचारा एकटाच मरतो.

मग काकांनी सगळं नव्याने केलं. कॅमेऱ्याची लाइन फ्यूज बॉक्समधून टॅप लावून घेतली, कंपनीची एकही वायर न कापता, आणि तिला २ अँपियरचा फ्यूज. सॉकेटला वेगळी जाड वायर, बॅटरीजवळच वेगळा फ्यूज आणि चावीवर चालणारा रिले. इंजिनाकडून आत येताना पत्र्याच्या भोकात रबराची बुशिंग. कॅमेऱ्याची वायर छताच्या कापडाच्या कडेतून, काचेशेजारच्या खांबातून, दाराच्या रबरामागून खाली. नव्या गाड्यांत त्या खांबात एअरबॅग असू शकते. तिथे वायर एअरबॅगच्या मागून न्यायची, पुढून कधीच नाही. एअरबॅगच्या फ्यूजला तर हातही लावायचा नाही. सांध्यांवर टेपऐवजी गरम करून आवळणारी स्लीव्ह, कारण आमच्या विदर्भाच्या उन्हाळ्यात टेपचा गोंद पाघळतो. पेडल आणि स्टिअरिंगच्या दांड्यापासून सगळं लांब, जागोजागी क्लिपने बांधलेलं. अर्थिंग रंग खरवडलेल्या पत्र्यावर, नट घट्ट आवळून.

अख्खा दिवस गेला. शेवटी पट्टी बसवली आणि गाडी दिसायला अगदी पहिल्यासारखीच! फरक एवढाच की या वेळी आत काय आहे ते मला माहीत होतं. बंद करण्याआधी काकांनी मलाच फोटो काढायला लावला. "उद्या दुसरा कोनी उघडन, तर त्याले समजलं पायजे."

जाता जाता त्यांनी बाबांना विचारलं, "वास आधी नव्हता येत का जी?"

"महिनाभरापासून येत होता," बाबा म्हणाले.

मी उडालेच. "मग मला सांगितलं का नाही?"

बाबा टायरकडे बघत राहिले. "तू एवढ्या हौसेनं आणलं होतं. म्हटलं, उगाच पोरीला वाईट कशाला वाटू द्यायचं?"

यावर काय बोलणार? दुकानातल्या मुलाने वायर लपवली, बाबांनी वास लपवला, आणि मी? मी दोन्ही वेळा विचारलंच नाही.

सो मंडळी, गाडीत काही नवं बसवणार असाल तर तीन प्रश्न जरूर विचारा. लाइन कुठून घेतली? फ्यूज किती अँपियरचा? आणि पट्टी लावण्याआधी आत बघू का? कुणी वैतागलं तर दुकान बदला. आणि घरी एखादं गिफ्ट दिलं असेल, तर आज फोन करून विचारा, नीट चालतंय ना? "मस्त चालतंय" असं उत्तर येईल. मग आणखी एकदा विचारा.