जामीन कोणी द्यायचा?

कर्ज देणाऱ्याकडेच जामीनदार मागणारा ऋणको तुम्ही कधी पाहिलात? नसेल पाहिला, तर सरकारकडे बघा.

पोस्टाचे किसान विकास पत्र म्हणजे काय? सरकारने आपल्याकडून घेतलेल्या कर्जाची पावती. 1988 साली ही योजना आली तेव्हा पैसे साडेपाच वर्षांत दुप्पट होत. समजा, पांढुर्णा-सौसरकडच्या एखाद्या संत्रा बागाइतदाराने पत्र घेतले, पेटीत ठेवले आणि वाळवीने खाल्ले. मग? त्या वेळचे नियम सांगत : क्रमांक, रक्कम, तारीख लिहा, हरवल्याची हकीकत द्या, नुकसानभरपाईचे बंधपत्र लिहा आणि वर जामीनदार उभे करा, नाहीतर बँकेची हमी आणा. जामिनातून सुटका फक्त 500 रुपयांपर्यंत!

"जपून ठेवायला काय झाले होते?" असे विचारणारे आम्हा कारकुनांत पुष्कळ आहेत. दुसऱ्याच कोणी पैसे उचलले तर, ही त्यांची भीती. पण ही काही चलनी नोट नव्हे. पत्र नावावर असते, पोस्टाच्या लेखी संमतीशिवाय दुसऱ्याच्या नावे होत नाही आणि नोंद पोस्टाच्याच दप्तरात असते. कुळाकडचा कागद जळला म्हणून गावच्या सावकाराने आपली चोपडी कधी मिटली होती का?

त्यात हा मुलूख सीमेवरचा. 1956 साली नागपूर मुंबई राज्यात गेले, हा भाग मध्य प्रदेशात राहिला. घरात मराठी, कचेरीत हिंदी. 2023 मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, सौसर त्यात आले. कचेरी जवळ आली, भाषा होती तिथेच राहिली. हरवल्याची हकीकत म्हातारीने सांगायची कोणत्या भाषेत?

2016 पासून कागदी पत्रे बंद झाली, पासबुक आले. छान झाले. पण जुन्या कागदांचे काय? 2015 च्या वित्त कायद्याने अल्पबचतीतील बेवारस रकमा ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जातात आणि तिथे 25 वर्षांत कोणी मागितले नाही तर हक्कच संपतो.

आता सांगा, कोणाचे पैसे पडून आहेत हे सरकारला कशावरून कळते? त्याच दप्तरावरून! पैसे घ्यायला जे दप्तर पुरते, ते परत द्यायला का पुरू नये?

पांढुर्णा आणि सौसरच्या पोस्टांत भिंतीवर या नावांची यादी लावा, मराठीतही लावा. शोधायचे काम ऋणकोचे आहे, धनकोचे नव्हे.